मोझॅक फोडायची, झाकायची की घासायची? जुन्या फ्लॅटच्या फरशीबद्दल सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात १९८४ सालची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, साधारण ६४० चौरस फूट कार्पेटचा टू बीएचके. घरात सासू-सासरे आहेत, दोघंही सत्तरीपुढचे. सगळीकडे मूळची मोझॅकची लादी आहे, पिवळट पांढऱ्या सिमेंटमध्ये काळ्या-तपकिरी चिप्स. आता ती मळकी दिसते आणि हॉलमध्ये दोन-चार ठिकाणी हलते. कंत्राटदार म्हणतो, वरून चार बाय आठ फुटांची ग्लॉसी स्लॅब, म्हणजे एकसंध मोठी टाइल, टाकू, सध्या तीच चालते. नणंदेकडे इटालियन मार्बल असल्यामुळे घरात त्याचीही चर्चा आहे. तुम्हाला स्वतःला लाकडी फ्लोअरिंग आवडतं. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की सध्या ट्रेंड काय आहे आणि आम्ही नेमकं काय करावं.

उत्तर आधीच सांगून टाकते. हॉल, पॅसेज आणि किमान एका बेडरूममधली मोझॅक फोडू नका आणि झाकूही नका. दुरुस्त करून घासून घ्या. स्वयंपाकघर आणि बाथरूमची फरशी मात्र काढा, पण जपून काढा. का जपून, ते पुढे येईलच.

ट्रेंडचं म्हणाल तर गेल्या काही वर्षांत तीन गोष्टी ठळक बदलल्या आहेत. पहिली म्हणजे चकाकी उतरली. आरशासारख्या पांढऱ्या, पॉलिश केलेल्या व्हिट्रिफाइड टाइलचा जोर कमी होऊन मॅट, सॅटिन आणि हाताला किंचित खरखरीत लागणाऱ्या कार्व्हिंग फिनिशच्या टाइल्स लोक मागायला लागले. दुसरी गोष्ट रंगाची. थंड करड्या रंगाची लाट ओसरली आणि बेज, वाळूचा रंग, फिकट तपकिरी असे उबदार रंग परत आले. पॅन्टोननं २०२५ सालचा रंग म्हणून मोका मूस हा तपकिरी निवडला, तो याच वळणावरचा. तिसरी गोष्ट आकाराची. दोन बाय दोनवरून दोन बाय चार, तिथून चार बाय सहा आणि चार बाय आठ असा टाइलचा आकार वाढत गेला, कारण सांधे जितके कमी तितकी खोली मोठी वाटते. गुजरातेतल्या मोरबीत देशातल्या बहुतांश टाइल्स बनतात. तिथल्या डिजिटल प्रिंटिंगमुळे आज लाकूड, संगमरवर, सिमेंट, वाटेल त्याची हुबेहूब छबी टाइलवर उमटते. या छब्यांत सध्या टेराझोच्या डिझाइनला भरपूर मागणी आहे, आणि टेराझो म्हणजे तुमच्या पायाखाली चाळीस वर्षं आहे तीच वस्तू. संगमरवराचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून, घासून सपाट केलेली जमीन. शोरूममध्ये मिळतं ते नऊ मिलिमीटरच्या टाइलवरचं छापील चित्र. तुमच्याकडे खरा दगड आहे, आणि तो फोडून वर त्याचाच फोटो चिकटवण्यासाठी लोक पैसे मोजताना मी बघते, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

मोझॅक हा आपल्याकडचा फार जुना आणि अभिमानाचा धंदा आहे. मुंबईत भारत फ्लोरिंग्ज ही कंपनी १९२२ साली स्वदेशीच्या वातावरणात उभी राहिली. तोवर चांगल्या सिमेंट टाइल्स परदेशातून यायच्या. पुढे दादर-माटुंग्यापासून ठाणे, पुणे, नाशिकपर्यंत मध्यमवर्गीय घरांच्या दोन-तीन पिढ्या सिमेंट आणि मोझॅकच्या लाद्यांवर वाढल्या. नव्वदीनंतर आधी मार्बल आणि मग व्हिट्रिफाइड आली, आणि मोझॅक म्हणजे जुनाट असा समज रुजला. मोझॅक घासणारे चांगले कारागीरही त्यामुळे कमी झाले. अजून आहेत, शोधावे लागतात.

पण मी केवळ जुन्या वस्तूच्या प्रेमापोटी हा सल्ला देत नाही. तुमच्या बाबतीत त्याला तीन रोकडी कारणं आहेत: इमारतीचं वय, जिना आणि सासू-सासरे.

वयापासून सुरुवात करू. राहत्या घराचा काँक्रीटचा स्लॅब डिझाइन करताना माणसं, फर्निचर वगैरेंचा चल भार चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात. आता कंत्राटदारानं मोझॅकवर दोन इंच रेती-सिमेंटचा माल टाकून टाइल बसवली, तर मालाचे चौरस मीटरला शंभर किलो आणि टाइलचे वीस-एकवीस. म्हणजे एकशेवीस किलो कायमचा जादा भार, स्लॅबनं पेलायच्या चल भाराच्या निम्म्याहून अधिक. तुमचं घर साठेक चौरस मीटरचं आहे. एकूण सात टनांच्या वर वजन चढलं. चाळीस वर्षांच्या स्लॅबवर, खाडीच्या दमट हवेत गंजत आलेल्या सळयांवर. तुमच्यासारखंच वरच्या आणि खालच्या मजल्यावर कुणी केलं असेल तर त्याचीही भर. तीस वर्षं उलटलेल्या इमारतींना आपल्याकडे स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. तुमच्या सोसायटीचा अहवाल मागून घ्या आणि तो वाचल्याशिवाय एक पाटी रेतीही वर चढवू नका. मालाऐवजी अ‍ॅडहेसिव्हनं थेट मोझॅकवर टाइल चिकटवली तर हाच भार चौरस मीटरला पंचवीस-तीस किलोंवर येतो. झाकायचीच असेल तर तीच पद्धत, दुसरी नाही.

इथेच एक प्रश्न तुम्हाला विचारते. सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत का? ठाण्यात १९८४ ची इमारत म्हटल्यावर आज ना उद्या तो विषय निघणारच. पाच-सात वर्षांत इमारत पाडायची असेल तर इटालियन मार्बलमध्ये घातलेला पैसा राडारोड्याबरोबर ट्रकमध्ये जाईल. मोझॅक घासण्याचा खर्च नव्या फरशीच्या खर्चापुढे किरकोळ आहे. तो गेला तरी मनाला लागत नाही.

आता जिना. चार बाय आठची नऊ मिलिमीटर जाडीची एक स्लॅब साठ किलोंच्या आसपास भरते. ती आडवी धरली तर स्वतःच्या वजनानं वाकते आणि तडकते. व्हॅक्यूम कपांच्या चौकटीत अडकवून, उभी धरून, तीन-चार माणसांनी न्यावी लागते. जुन्या इमारतींचे जिने तीन-साडेतीन फुटी असतात आणि मधल्या लँडिंगवर पूर्ण वळण असतं. आठ फुटांचा तुकडा त्या वळणावर फिरवताना कोपरे हमखास उडतात. बाल्कनीतून दोरानं चढवायचं म्हटलं तर ग्रिल कापावी लागेल. एवढं करून तुमचा हॉल दहा बाय पंधरा असेल, तर दहा फुटांत एक आठचा तुकडा आणि एक दोनचा, म्हणजे कापाकापी आणि नासाडी. मोठ्या स्लॅबचं सौंदर्य मोठ्या दिवाणखान्यात खुलतं, तिथे ती मी आनंदानं सुचवते. साडेसहाशे फुटांच्या घरात नाही.

तिसरं कारण सासू-सासरे, आणि माझ्या लेखी ते पहिलं आहे. ग्लॉसी टाइल कोरडी असताना ठीक असते. पावसाळ्यात ओल्या छत्रीचं पाणी दारात सांडतं, बाथरूममधून ओले पाय हॉलमध्ये येतात, लादी पुसून वाळायच्या आत कुणीतरी उठतं. सत्तरीत खुब्याचं हाड मोडलं तर घर कसं हादरतं ते सांगायला नको. शिवाय आरशासारख्या जमिनीत खिडकीचा उजेड परावर्तित होतो आणि मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना ओल कुठे आणि चकाकी कुठे ते कळत नाही. म्हणून मॅटकडे वळलेला आत्ताचा ट्रेंड मला मनापासून पटतो. तो टिकावा असं वाटतं.

आता मोझॅकच्या कामाचं नीट सांगते, कारण हे काम बिघडतं ते घाईमुळे.

आधी लाकडी मुठीनं किंवा नाण्यानं प्रत्येक लादी वाजवून बघायची. भरीव आवाज आला तर ती पक्की. पोकळ आवाज आला तर खडूनं खूण करायची. पोकळ वाजणारी प्रत्येक लादी काढायची गरज नसते. जी पायाखाली हलते किंवा जिच्या कडा उचलल्या आहेत, ती काढून, खालचा सुटलेला माल खरवडून, अ‍ॅडहेसिव्हवर परत बसवायची. काही लाद्या फुटलेल्या निघतील. त्यांच्या जागी नवी मोझॅक आणली तर रंग कधीच जुळत नाही, चाळीस वर्षांचं ऊन आणि पुसणं तिच्यावर नसतं. इथे स्वयंपाकघरातली लादी उपयोगी पडते. स्वयंपाकघराची फरशी बदलणारच आहात, तर तिथल्या धड लाद्या आधी छिन्नीनं अलगद सोडवून घ्या आणि त्या हॉलमध्ये लावा. कंत्राटदार ब्रेकर लावून एका दुपारीत सगळं फोडून मोकळा होईल, म्हणून काम सुरू व्हायच्या आधीच बजावून ठेवा. खूप वर्षांपूर्वी कुणी भिंत काढलेली असेल तर तिथे सिमेंटचा पट्टा दिसतो. त्यात त्याच रंगाच्या चिप्स टाकून जागेवर मोझॅक ओतता येते, किंवा सरळ काळ्या कडप्प्याची पट्टी घालून तिला डिझाइनचा भाग करता येतं.

मग सांधे भरायचे. सिमेंटमध्ये रंग मिसळून लादीच्या पार्श्वभूमीशी जुळणारी पातळ भर करायची आणि ती सगळ्या जमिनीवर ओढायची, म्हणजे सांधे आणि बारीक छिद्रं दोन्ही भरतात. तीन-चार दिवस ओली ठेवायची. इथे पाणी मारायचा कंटाळा केला तर घासताना सांधे निघून येतात.

नंतर मशीन. पहिला कट, म्हणजे घासण्याचा पहिला फेरा, ६० ते ८० नंबरच्या दगडानं, त्यात वरचा काळपट थर आणि लाद्यांमधली उंच-सखल पातळी निघते. मग १२०, मग २२०-३२०. हल्ली डायमंड पॅड वापरतात, त्यांचे आकडे ५०, १००, २००, ४००, ८०० असे चढत जातात आणि ३००० पर्यंत जातात. प्रत्येक टप्प्यानंतर धुवून, उघडी पडलेली छिद्रं पुन्हा भरायची. माझी आग्रहाची सूचना अशी की तुम्ही ४०० वर थांबा. फार तर ८००. तिथे चिप्सचे रंग पूर्ण उघडतात, हात फिरवला तर रेशमी लागतं, पण चकाकी येत नाही आणि पायाला पकड राहते. पॉलिशवाला म्हणेल, अजून दोन हात मारू, काचेसारखी करून देतो. नको म्हणून सांगा. जाडीची काळजी करू नका. मोझॅकच्या लादीत वरचा चिप्सचा थर पाच-सहा मिलिमीटरचा असतो आणि एका घासाईत त्यातला अगदी थोडा जातो.

सुरुवात मात्र कपाटामागच्या कोपऱ्यात एक चौरस फूट नमुना करून घेऊन करा. त्या तुकड्यावर तुम्हाला खरा रंग दिसेल. मळकट पिवळी वाटणारी जमीन बहुतेक वेळा खालून मस्त मलईच्या रंगाची निघते, आणि घरातले विरोधक तिथेच गप्प होतात. नमुना पाहूनही आवडली नाही तर तुम्ही मोकळ्या आहात, तेवढ्याशा घासण्यानं काही बिघडत नाही.

दोन अडचणी आधीच ओळखून ठेवा. ही घासाई पाण्यात होते. राखाडी चिखल निघतो आणि तो बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्यात, लोटला तर पाइपात सिमेंटसारखा बसतो, मग खालच्या सगळ्यांचं पाणी तुंबतं. तो पुसून, बादलीत भरून, गोणीत वाळवून खाली न्यायचा. कंत्राटात हे लिहून घ्या. आणि स्लॅबला बारीक भेगा असल्या तर पाणी खालच्यांच्या छतावर उतरतं, म्हणून कामाआधी खालच्या शेजाऱ्यांना स्वतः जाऊन सांगून या. मोठ्या मशीनला थ्री-फेज वीज लागते. तुमचं मीटर सिंगल-फेज असेल तर तसं मशीन असलेला माणूस बघा.

घासून, धुवून, जमीन चांगली वाळली की आत मुरणारं सीलर लावायचं, वर थर चढणारं नव्हे. थर चढणारं लॅकर वर्षभरात वाटेवर झिजतं आणि चट्टे दिसतात. आणि एक पथ्य कायमचं. मोझॅकमध्ये संगमरवर आणि सिमेंट, दोघांनाही आम्लाचं वावडं. लिंबू, चिंच, कोकमाचं आगळ सांडलं तर लगेच पुसा. लादीवर अ‍ॅसिड, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं द्रावण कधीही नाही. साधं पाणी आणि आठवड्यातून एकदा सौम्य साबण पुरतो. कामवाल्या ताईंना हे स्वतः समजावून सांगा, बाटल्या बदलून द्या.

हेच पथ्य इटालियन मार्बलला दुपटीनं लागू आहे. बोतिचिनो असो की स्तातुआरियो, हे सगळे कॅल्शियम कार्बोनेटचे दगड. लिंबाचा एक थेंब पॉलिश खातो आणि तिथे फिकट ठिपका कायम राहतो. देवघरापुढे तेल, हळद, कुंकू सांडलं तर आत मुरतं. स्लॅब सोळा-अठरा मिलिमीटरची, मागे जाळी चिकटवलेली, कारण दगड ठिसूळ. ती बसवायला खाली मालाचा जाड थर लागतो, म्हणजे मघाचा वजनाचा प्रश्न परत आला. नणंदेचं घर नव्या इमारतीत असेल, तिथे तो दगड शोभत असेल. तुमच्याकडे नको.

लाकडाची तुमची आवड मात्र मला बाजूला सारायची नाही. एका बेडरूममध्ये ती पुरी करता येईल. खरं सॉलिड लाकूड आपल्या किनारपट्टीच्या हवेत पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात फटी दाखवतं. इंजिनिअर्ड वुड म्हणजे प्लायच्या पाठीवर खऱ्या लाकडाचा दोन-चार मिलिमीटरचा पापुद्रा. ते स्थिर असतं, पण महाग आणि वाळवीची भीती राहते. लॅमिनेटचा गाभा एचडीएफचा, म्हणजे लाकडाच्या दाबलेल्या तंतूंचा. आपल्याकडे रोज ओल्या फडक्यानं लादी पुसतात, ते पाणी सांध्यातून आत गेलं की कडा पावासारख्या फुगतात आणि परत बसत नाहीत. उरतं एसपीसी, म्हणजे स्टोन प्लास्टिक कंपोझिट. चुनखडीची पूड आणि पीव्हीसी यांचा गाभा, चार ते सहा मिलिमीटर जाडी, पट्ट्या एकमेकींत खटक्यानं अडकतात. पाणी लागलं तरी फुगत नाही, वाळवी खात नाही, आणि मोझॅकवर न चिकटवता नुसतं तरंगतं राहतं. उद्या मन बदललं तर उचलून ठेवा, खालची मोझॅक शाबूत.

त्याच्या अटी मात्र पाळायच्या. खालची जमीन सपाट हवी. दोन मीटरची पट्टी ठेवली तर तिच्याखाली दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसता कामा नये, नाहीतर चालताना पट्टी दबते आणि खटके तुटतात. भिंतीलगत आठ-दहा मिलिमीटर जागा मोकळी सोडायची, स्कर्टिंगखाली ती झाकली जाते. भिंतीतलं जड कपाट तिच्यावर उभं करायचं नाही, कपाटापर्यंत आणून थांबवायची. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारभर ऊन येत असेल तर त्या खोलीत एसपीसी टाळा, पीव्हीसी तापलं की प्रसरण पावतं. दाराशी उतरती पट्टी लावून घ्या, उभी कड ठेवू नका.

ही कडेची गोष्ट स्वयंपाकघरात जास्त महत्त्वाची. मोझॅकवर टाइल चिकटवली तर नऊ मिलिमीटर टाइल आणि चार-पाच अ‍ॅडहेसिव्ह, म्हणजे अर्ध्या इंचाची पायरी तयार होते. अर्ध्या इंचाला म्हातारी माणसं अडखळतात, कारण ती दिसत नाही. म्हणूनच मी तिथली मोझॅक काढायला सांगितली. काढा, लाद्या जपा, आणि हॉलच्या पातळीत दोन बाय दोनची मॅट व्हिट्रिफाइड बसवा. रंग मध्यम, बारीक दाण्याचा. फार फिकट रंगावर फोडणीचा प्रत्येक थेंब दिसतो आणि फार गडद रंगावर पिठाचा प्रत्येक कण. सिलिंडर ओढून आणला जातो, म्हणून कडेला टवके उडाले तरी आतला रंग तोच दिसेल अशी फुल बॉडी टाइल मिळाली तर उत्तम. सांध्यांत भरायला इपॉक्सी ग्राउट, म्हणजे रेझिनची भर, कारण साधा ग्राउट हळद आणि तेल पितो.

व्हिट्रिफाइड टाइल बसवताना कारागिराच्या सवयीकडे लक्ष ठेवा. ही टाइल अर्धा टक्काही पाणी पीत नाही, म्हणून सिमेंटचं पाणी ओतून बसवायची जुनी रीत तिला चालत नाही, सिमेंट तिच्या पाठीला धरत नाही. अ‍ॅडहेसिव्ह लागतं, आयएस १५४७७ या मानकातलं टाइप २ किंवा वरचं. ते दातेरी थापीनं सगळ्या जमिनीवर ओढायचं आणि मोठ्या टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्यायचा. चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे पाच गोळे ठेवून टाइल दाबणारा माणूस दिसला तर काम थांबवा. मधल्या पोकळीवर जड पातेलं पडलं की टाइल तडकणार. आणि सांधा किमान दोन मिलिमीटर ठेवा. सांधाच नको असा हट्ट हल्ली फार ऐकते. उन्हाळ्यात टाइलला पसरायला जागा नसली की एखाद्या दुपारी पूर्ण रांग फटकन उचलली जाते.

बाथरूमला कंजूषी नको. एवढ्या जुन्या घरात फरशी काढली की आतले लोखंडी पाइप गंजून अर्धे बुजलेले निघतात. ते बदला, वॉटरप्रूफिंग नव्यानं करा आणि ट्रॅप बुजवून पाणी भरून ४८ तास ठेवा. खालच्यांच्या छताला ओल दिसली नाही तरच टाइल. ढाळ ट्रॅपकडे, पाच फुटांच्या बाथरूमला साधारण पाऊण इंच. इथे मोठ्या टाइलचा मोह धरू नका. एक बाय एकची टाइल ढाळाबरोबर वळते, सांधे जास्त म्हणजे पकडही जास्त. दुकानात आर १०, आर ११ असे आकडे दाखवतील. ती चाचणी बूट घालून, तेलकट उतारावर चालून घेतात. अनवाणी पाय आणि साबणाचं पाणी यांच्यासाठी ए, बी, सी अशी वेगळी प्रतवारी आहे. बाथरूमला बी किंवा सी मागा. दुकानदाराला माहीत नसेल तर टाइलवर साबणाचं पाणी ओतून स्वतः अनवाणी उभ्या राहा, संकोच करू नका. बाथरूमची पातळी बाहेरच्यापेक्षा अर्धा-पाऊण इंच खाली हवी आणि दारात ग्रॅनाइटची गोल कडेची पट्टी. सासू-सासऱ्यांसाठी कमोडशेजारी आणि शॉवरजवळ दांडा लावायचा, तो टाइल लागायच्या आधी ठरवा, म्हणजे भिंतीत पक्का आधार देता येतो.

जमीन चिप्सची असली की भिंती शांत ठेवा. मलईच्या पांढऱ्या रंगापासून फिकट वाळूच्या रंगापर्यंत काहीही चालेल. टीव्हीमागे उभ्या पट्ट्यांचं फ्लुटेड पॅनल सध्या घरोघरी दिसतं. मुंबई-ठाण्याच्या धुळीत त्या खाचा पुसत बसणं कुणाच्याही नशिबी येऊ नये असं मला वाटतं. साडेनऊ फुटी छताला सगळीकडे फॉल्स सीलिंग टाकून उंची घालवू नका. दिवे उबदार, तीन हजार केल्व्हिनचे, कारण पांढऱ्याफटक उजेडात मोझॅक दवाखान्यासारखी दिसते. तुमच्या सासूबाईंचं सागवानी कपाट आणि वेताच्या खुर्च्या असतील तर पॉलिश करून हॉलमध्ये आणा. तुम्हाला हवा तो लाकडाचा ऊबदारपणा तिथून मिळेल. वेत, साग, जुनी कॉफी टेबलं यांना आज मोठी किंमत देऊन लोक घेताहेत.

टाइल घेताना खोक्यांवरचा बॅच आणि शेड नंबर सगळीकडे एकच आहे ना ते बघा. एकाच नावाच्या दोन बॅचमध्ये रंगाचा फरक डोळ्यांना दिसतो. मोजणी स्वतः करा. दोन बाय दोनच्या चार टाइल्सच्या खोक्यात साडेपंधरा चौरस फूट असतात. ऐंशी फुटांच्या स्वयंपाकघराला कापाकापीचे दहा टक्के धरून अठ्ठ्याऐंशी, म्हणजे सहा खोकी. त्यातल्या उरलेल्या टाइल्स माळ्यावर ठेवा, चार वर्षांनी तेच डिझाइन बाजारात नसतं. आणि नमुना शोरूमच्या दिव्याखाली उभा बघून ठरवू नका. घरी आणून जमिनीवर आडवा ठेवा, सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा बघा.

कामाचा क्रम असा लावा. आधी तोडफोड, पाइप आणि विजेच्या खाचा. मग बाथरूम आणि स्वयंपाकघर. मग मोझॅकची दुरुस्ती, भर आणि पहिले दोन कट. त्यानंतर जमिनीवर प्लास्टिक अंथरून, वर पीओपीचा पातळ थर देऊन सुतार आणि रंगारी आत घ्या. वर्तमानपत्रं किंवा रंगीत कापड अंथरू देऊ नका, ओल लागली की शाई आणि रंग लादीत उतरतात. रंगाचा शेवटचा हात राहिला की झाकण काढून मोझॅकचा अखेरचा कट आणि सीलर. ज्येष्ठांना एवढे दिवस दुसरीकडे हलवावंच लागेल, ओल्या घासाईत त्यांना घरात ठेवू नका. मोझॅकचं काम पावसाळ्यात धरू नका, जमीन वाळत नाही आणि ओलीवर सीलर मारलं की पांढुरके ढग दिसतात. दिवाळीनंतर सुरू केलंत तर उत्तम. सीलर लावल्यावर चोवीस तास कुणी चालायचं नाही, आणि पहिले काही आठवडे रबरी पाठीची पायपुसणी वापरायची नाहीत. त्यांच्याखाली ओल कोंडते आणि तेवढा चौकोन वेगळा दिसायला लागतो.